अर्धी गिरकी

बटण दाबलं. आत कुठेतरी ‘टिक्’ असा बारीक आवाज आला, प्रोसेसरवरच्या पंख्याची पाती हलली, अर्धी गिरकी घेतली आणि जागच्या जागी थांबली. परत बटण दाबलं, तर आता तेवढंही नाही. मागची वायर काढून, अर्धा मिनिट थांबून पुन्हा लावली की पुन्हा एक अर्धी गिरकी. रुसलेल्या माणसाने हाक ऐकून मान वळवावी आणि हाक मारणारे आपणच आहोत हे बघून परत भिंतीकडे तोंड करावं, तसं चाललं होतं.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. टेबलावर रिकामी खोकी, प्लास्टिकच्या पिशव्या, केबल बांधायचे पट्टे आणि एका वाटीत स्क्रू. दुपारपासून मी कॉम्प्युटर जुळवत बसलो होतो. कॅबिनेट जुनंच, आतला संसार सगळा नवा. कॉलेजात जाणारी लेक अधूनमधून डोकावून जात होती आणि तिच्या “झाला का चालू?” ला मी संध्याकाळी सातपासून “आता होईलच” हे एकच उत्तर देत होतो.

आयता आणलेला कॉम्प्युटर बंद पडला तर निदान रागवायला कोणीतरी असतं. फोन करता येतो, आवाज चढवता येतो. घरी जुळवलेल्याच्या बाबतीत ती सोय नाही. सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड एकाचा, रॅम दुसऱ्याची, सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, तिसऱ्याचा. प्रत्येकाची वॉरंटी वेगळी आणि प्रत्येक जण आपापल्या जागी निर्दोष. दोन्हीकडची मंडळी चांगलीच असतात, बोल लागतो तो मध्यस्थाला. आणि इथे मध्यस्थ हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा होता.

अनुभवाने एक शिकलोय, की पहिला तपास स्वतःच्या वेंधळेपणाचा करावा. एसएमपीएसच्या पाठीवर एक छोटं स्विच असतं, त्यावर एक रेघ आणि एक गोळा. रेघ म्हणजे चालू, गोळा म्हणजे बंद. मागच्या एका कॉम्प्युटरच्या वेळी पाऊण तास सगळं उचकटल्यावर ते स्विच मला दिसलं होतं. त्याच्याही आधी एकदा मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या पोर्टात खुपसली होती. प्रोसेसर असा, की त्याच्या आत ग्राफिक्सच नाही. ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणत मी तो बिचारा प्रोसेसर परत पाठवायला निघालो होतो. या खेपेला केबल जागेवर होती. रेघही रेघेच्या जागी होती. गोळा फक्त पोटात आला होता.

एका मित्राला फोन लावला. त्याचं उत्तर मला आधीच ठाऊक होतं. “रॅम काढ, खोडरबराने घास, परत लाव.” कॉम्प्युटरचा कुठलाही आजार असो, आमच्या पिढीकडे हा एक रामबाण उपाय आहे. स्क्रीन निळी झाली, रॅम घास. आवाज येत नाही, रॅम घास. गंमत म्हणजे हा उपाय पुष्कळदा लागू पडतोही, पण माझा संशय असा की गुण खोडरबराचा कमी आणि काढून परत घट्ट बसवण्याचा जास्त. तरी मी घासली. सोनेरी पट्ट्या चकाकल्या, टेबलावर खोडरबराचा चुरा पडला, आणि पंख्याने अर्धी गिरकी घेतली.

मग खुर्चीत बसून त्या अर्ध्या गिरकीचाच विचार केला. हे खरं तर सातलाच करायला हवं होतं.

पूर्वीच्या कॉम्प्युटरांचं बटण खरंखुरं होतं. दाबलं की खट्ट करून आत रुतायचं, आणि भिंतीतली वीज त्यातूनच जायची. म्हणून तर विंडोज ९५ आपलं काम आटोपल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत कळवायचं, की आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. बंद करायचं काम आपलं. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही रचना आणली आणि बटणाचा नुसता अर्जदार झाला. आता बटण दाबलं की दोन बारीक पिना क्षणभर एकमेकींना टेकतात, एवढंच. तो अर्ज वाचायला मदरबोर्ड जागा असावा लागतो, आणि तो असतोही, कारण वायर लावलेली आहे तोवर एसएमपीएस त्याला ५ व्होल्टची शिदोरी अखंड देत राहतो. अर्ज पोचला की मदरबोर्ड एसएमपीएसकडून आलेली हिरवी वायर ग्राउंडला जोडतो. ती खूण मिळताच एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्ट सोडतो, ते सगळे नीट स्थिरावले की नाही हे बघतो, आणि साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत करड्या वायरीवरून निरोप धाडतो: वीज ठीक आहे. तो निरोप आल्यावर प्रोसेसर पहिली सूचना वाचायला घेतो. रॅम आहे का, कार्ड आहे का, ही सगळी हजेरी त्यानंतरची.

माझा पंखा अर्ध्या गिरकीत थांबत होता, म्हणजे १२ व्होल्ट निघाले होते आणि लगेच मागे घेतले गेले होते. करड्या वायरीपर्यंत गोष्ट पोचतच नव्हती. रॅमची पाळीच आली नव्हती आणि मी तिला घासत बसलो होतो.

पंखे गरगर फिरतायत आणि पडदा काळा, हा आजार निराळा. तिथे रॅम, कार्ड, मॉनिटर यांच्याकडे बोट दाखवता येतं. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्या खेपेला मदरबोर्ड तिची ओळख करून घेण्यात काही मिनिटं घालवतो, आणि आपण घाबरून मधेच वायर ओढतो. माझ्याकडे तेवढीही उसंत नव्हती. अर्धी गिरकी आणि खेळ खलास, याचा बहुतेक वेळा अर्थ एकच: कुठेतरी शॉर्ट आहे, आणि ते ओळखून एसएमपीएस स्वतःहून हात आखडता घेतोय. म्हणूनच दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर तो ढिम्म हलत नव्हता. वायर काढून त्याला शांत केल्याशिवाय तो पुन्हा धोका पत्करणार नव्हता. ज्याला मी रुसवा समजत होतो ते त्याचं शहाणपण होतं.

आता वजाबाकी सुरू झाली. ग्राफिक्स कार्ड काढलं, गिरकी अर्धीच. एसएसडी काढली. दोनपैकी एक रॅम काढली, उरलेली मदरबोर्डाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत लावली. समोरच्या यूएसबीच्या वायरी उपसल्या. बायॉसच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, डोक्यात काही भलतं बसलं असेल म्हणून नाण्याएवढा सीआर२०३२ सेलही काढून पाहिला. दुपारी ज्या क्रमाने एकेक वस्तू कौतुकाने आत गेली होती, त्याच्या उलट क्रमाने ती मुकाट बाहेर येत होती. सगळं सोडवून एसएमपीएस एकटा घेतला आणि त्या हिरव्या वायरीचं टोक शेजारच्या काळीला, म्हणजे ग्राउंडला, पेपरक्लिपने जोडलं. हल्ली वायरी सगळ्याच काळ्या असतात, त्यामुळे हिरवी कुठली हे पिना मोजून ठरवायचं: चोवीसातली सोळावी. एसएमपीएसचा पंखा छान फिरत राहिला. एवढ्यावरून तो पूर्ण निर्दोष ठरत नाही, पण जिवंत तरी होता.

मग मदरबोर्डच कॅबिनेटमधून बाहेर काढला आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. लेक टॉर्च धरून उभी राहिली. तिचीही झोप आता उडाली होती. कॅबिनेटचं बटण काही सोबत आलं नव्हतं, म्हणून स्क्रूड्रायव्हरचं टोक अलगद त्या दोन पिनांना टेकवलं. पिना इतक्या जवळजवळ, की श्वास रोखावा लागतो.

पंखा फिरला. अर्धी गिरकी, पूर्ण गिरकी, दुसरी, मग पातीच दिसेनाशी झाली. आणि पिनांवर लावलेल्या चिमुकल्या स्पीकरमधून एक छोटा ‘बिप्’. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून त्या एका छोट्या बिपचा अर्थ चालत आलाय: सगळं ठीक. इतकं कमी बोलून इतका आनंद देणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

“झाला!” लेक म्हणाली.

मी बोर्ड परत कॅबिनेटमध्ये ठेवला, स्क्रू आवळले, वायर लावली, बटण दाबलं. अर्धी गिरकी.

बाहेर काढला, फिरला. आत ठेवला, थांबला. हे दोनदा झालं. रात्रीचा दीड वाजला होता आणि स्वतःच्या घरात पाऊल टाकताच ज्याचा श्वास कोंडतो अशा एका जिवाशी मी झटत होतो.

“मग बाहेरच राहू दे ना त्याला, खोक्यावर,” लेक म्हणाली. तिसऱ्यांदा बोर्ड उचलला, तेव्हा तिने टॉर्चचा झोत कॅबिनेटच्या रिकाम्या पाठीवर टाकला आणि ती काहीतरी मोजायला लागली. मग बोर्डाकडे बघून पुन्हा मोजलं.

“बाबा, बोर्डाला भोकं नऊ आहेत ना?”

“हो.”

“मग इथे हे दहा कसे?”

मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटू नये म्हणून खाली पितळेचे टेकू असतात. स्टँडऑफ म्हणतात त्यांना. जेमतेम सहा मिलिमीटर उंच. प्रत्येक टेकू बोर्डाच्या एका भोकाखाली यायला हवा, कारण भोकाभोवती त्याच्यासाठी मोकळी जागा राखलेली असते. या कॅबिनेटात आधी मायक्रोएटीएक्स बोर्ड होता, २४.४ सेंटिमीटर उंचीचा. नवा पूर्ण एटीएक्स, ३०.५ सेंटिमीटर. धाकट्या बोर्डाचे दोन टेकू अशा ठिकाणी असतात, की थोरल्या बोर्डाला तिथे भोकच नसतं. दुपारी मी जागा मोजून टेकू हलवले होते. त्या दोनांतला एक काढलाही होता. दुसरा काढायच्या वेळी बहुतेक कोणाचा तरी फोन आला.

बोर्ड उलटा करून टॉर्चखाली धरला. खालच्या बाजूला, डाग दिलेल्या टोकांच्या एका रांगेजवळ, तांदळाच्या दाण्याएवढा चकचकीत ओरखडा. पितळेने तिथे रात्रभर बोट टेकवून ठेवलं होतं, आणि तिथून वीज थेट पत्र्याकडे पळत होती. एसएमपीएसने दर खेपेला अर्ध्या गिरकीत हात आवरला नसता, तर त्या ओरखड्याच्या जागी काळा डाग असता.

टेकू बोटांनीच फिरवून काढला आणि वाटीत टाकला. टण् वाजला. बोर्ड बसवला, नऊ स्क्रू, मोठी वायर, प्रोसेसरची आठ पिनांची छोटी वायर, रॅम, कार्ड. बटण लेकीने दाबलं. बिप्. पडद्यावर बायॉस उमटलं. सेल काढल्यामुळे त्याला तारीख आठवत नव्हती, कित्येक वर्षांपूर्वीची १ जानेवारी दाखवत होतं. ती दुरुस्त करता करता दोन वाजून गेले.

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. कॉम्प्युटर उत्तम चालतोय, हा लेखही त्याच्यावरच लिहितोय. लेक परवा येऊन म्हणाली, “बाबा, झाकण का नाही लावलं अजून?” मी म्हटलं, लावू की, घाई काय आहे. झाकणाचे स्क्रू वाटीत आहेत, त्या पितळी टेकूशेजारी.