इंद्राचं बाकडं

दशावतार, म्हणजे आमच्या कोकणातल्या जत्रांमधलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, बघायला गेलो की माझी नजर आधी बाकड्यावर जाते. नट, मुकुट, पडदा हे सगळं नंतर. साधं लाकडी बाकडं, चहाच्या टपरीवर किंवा शाळेच्या पडवीत असतं तसलं, वर एखादी फुलाफुलांची चादर टाकलेली, आणि मागे एक पडदा. झालं नेपथ्य. मुंबईत पाचशेचं तिकीट काढून फिरता रंगमंच बघून आलेल्या माणसाला हे आधी गरीब वाटतं, मलाही वाटायचं, खोटं कशाला बोला.

यंदा कुडाळच्या बाजूला आमच्या गावच्या जत्रेला बऱ्याच वर्षांनी गेलो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की तिकडे रोज कुठल्या ना कुठल्या देवळात दशावतार असतोच. पालखी फिरून झाली, खाजं घेऊन झालं (खाजं खाल्ल्यावर बोटं चिकट होतात आणि मग मोबाईल चिकट होतो, दरवर्षी तेच), आणि बारा वाजून गेल्यावर पायपेटी सुरू झाली. आधी आडदशावतार. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, आणि मग काळ्या वेषातला संकासुर, वेद चोरणारा. तो अस्सल मालवणीत बोलतो आणि पोरं खुदुखुदु हसतात. शेवटी विष्णू येऊन त्याला मारतो, ते आटोपलं की मुख्य आख्यान, आणि तेव्हा कुठे बाकड्याची खरी ड्युटी सुरू होते.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं, कोण कुठली भूमिका करणार हे रंगपटात ठरतं, तोंडाला रंग लावता लावता. पुढचं सगळं रंगमंचावर, तोंडाला येईल तसं, आणि येतं ते असलं जड संस्कृताळलेलं मराठी की आमच्या मराठीच्या सरांनी कान पकडले असते. दिवसा शेतात नाहीतर गॅरेजमध्ये राबणारा माणूस रात्री दोन वाजता 'हे प्राणप्रिये' म्हणून सुरुवात करतो आणि पाच मिनिटं कुठे अडखळत नाही. समोरची प्राणप्रिया पण पुरुषच, आणि पदर सावरते तो आमच्या मामीपेक्षा नीट.

तर त्या रात्री बाकडं आधी राजाचं सिंहासन झालं. मग राणी रुसली तेव्हा पलंग झालं. मग राजा शिकारीला निघाला, म्हणजे बाकड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, पखवाज वाढला, आणि तिसऱ्या फेरीला आम्ही सगळे घोर अरण्यात पोचलो. बाकड्यावर एक पाय ठेवला की डोंगर. कोणी समजावून सांगत नाही की आता हा डोंगर आहे बरं का, आणि माझ्या शेजारी आजीच्या मांडीवर पेंगणारं चार वर्षांचं पोरगंसुद्धा विचारत नाही.

मग इंद्राचा दरबार लागला. इंद्राचं काम करणारा गडी चांगला जाडजूड होता. ऐटीत येऊन बसला मात्र, बाकड्याचा एक पाय आखूड असणार किंवा खाली फरशी उंचसखल असणार, बाकडं कुर्र करून एका बाजूला कललं आणि स्वर्गाचा राजा मुकुटासकट घसरायला लागला. मुकुट एका हाताने धरला, दुसऱ्या हाताने बाकडं. लोक हसायला लागणार इतक्यात नारद, जो अजून एंट्रीच घ्यायचा होता, पडद्याआडून चिपळ्या वाजवत बाहेर आला आणि शांतपणे म्हणाला, "देवेंद्रा, तुझं आसन डळमळू लागलंय. पृथ्वीवर कोणीतरी घोर तप आरंभलंय."

अहाहा. म्हणजे पुराणात हे असंच असतं ना, कोणी तप केलं की इंद्राचं आसन डळमळतं, लहानपणापासून ऐकलंय, पण ते खरंच डळमळताना मी पहिल्यांदा बघितलं. देवळाचं आवार टाळ्यांनी भरून गेलं. पेटीवाल्याने तेवढ्यात सूर धरला, इंद्र तिरक्या बाकड्यावर तिरकाच बसून राहिला, मुद्दाम, आणि पुढची दहा मिनिटं त्याने त्या तिरकेपणावरच काढली, कोण तो तपस्वी, माझं इंद्रपद धोक्यात, वगैरे. आता पुढचं आख्यान आधीपासूनच तसं ठरलेलं होतं की बाकड्याने ठरवलं, देव जाणे.

हल्ली ट्रिकसीनचा दशावतार पण निघालाय, धूर सोडतात, लाईट मारतात, गर्दीही होते. मला तो बघताना बाकड्याची काळजी वाटते. धूर एकदा धूर झाला की त्याला दुसरं काही होता येत नाही.

मी ते इंद्राचं सगळं मोबाईलवर शूट केलं होतं. मुंबईला परत आल्यावर डबा खाताना ऑफिसमध्ये दाखवलं. सगळ्यांनी बघितलं, एकजण म्हणाला "अरे पडला पडला," दुसऱ्याने विचारलं स्टेजवर एवढंच सामान का, बजेट नव्हतं का. मी नारदाचं वाक्य समजावून सांगितलं. समजावलेल्या विनोदाचं जे होतं तेच झालं. मग मी परत एकदा एकट्याने बघितलं आणि काय सांगू, मलाही नुसतं बाकडंच दिसलं. कललेलं, चादर सरकलेली, आणि एक घामेजलेला माणूस.

पण त्या रात्री तसं नव्हतं. पहाटे दहीकाला झाला, लोक घोंगड्या-चादरी झटकत उठले, नट मंडळी तोंडं पुसायला लागली. तिकडे एक म्हण आहे, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. बोजा आता टेम्पोत जातो, पण इंद्र स्वतःच पेटारा उचलून टेम्पोत ठेवत होता, एका कानामागे रंग तसाच राहिलेला. दोन पोरांनी बाकडं उचललं आणि समोरच्या चहाच्या टपरीपुढे नेऊन टाकलं, तिथलंच होतं ते.

काकांनी दोन चहा सांगितले आणि त्याच्यावर टेकले. मी उभाच. काका म्हणाले, "बस मरे, उभो कित्याक?"

बसलो. माझ्या बाजूने कललं.