आमची वाटचाल: बिलबुकं छापता छापता

आमच्या छापखान्यात वरच्या फळीवर नमुन्याची जुनी बिलबुकं रचून ठेवलेली आहेत. अण्णांनी 1978 मध्ये नाशिकला रविवार कारंजाजवळच्या गाळ्यात सेकंडहँड ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईचं मशीन) बसवली, तेव्हापासूनची. ती ओळीने चाळली की कर कधी आणि कसा बदलला ते समजतं, आणि आमचे बरे-वाईट दिवसही त्याच क्रमाने आठवतात. लग्नपत्रिकांमुळे आमचं नाव झालं, पण घर चाललं ते बिलबुकांवर.

अण्णांच्या वेळी 1959 चा मुंबई विक्रीकर कायदा होता. बिलाच्या तळाशी एक मजकूर यायचाच: माल विकला त्या दिवशी आमचा नोंदणी दाखला चालू आहे, अशा अर्थाचा. दुकान कुठलंही असो, मजकूर तोच. म्हणून अण्णांनी तो बारीक खिळ्यांत, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांत, एकदाच जुळवून, सुतळीने बांधून गॅलीत (जुळवलेला मजकूर ठेवायच्या तबकात) ठेवून दिला होता. नवं काम आलं की वर दुकानाचं नाव-पत्ता जुळवायचा आणि खाली हा गठ्ठा सरकवायचा. शाळेतून आलो की त्यावरची शाई रॉकेलने पुसायचं काम माझ्याकडे. उलटी अक्षरं वाचायला मी त्यावरच शिकलो.

दुसरी शिस्त रजिस्टरची. कोणाची किती बुकं, कितव्या नंबरापासून कितव्यापर्यंत, सगळं त्यात. एकदा मेन रोडवरच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने एकाच नंबरांचे दोन संच मागितले. एक हिशोबाला, एक खिशाला. अण्णांनी नंबरिंग मशीन पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "हे फक्त पुढे जातं, शेठ." (खरं तर ते मागेही फिरवता येतं.) शेठ गेले, दिवाळीची सगळी कामंही घेऊन गेले. त्या वर्षी आमच्याकडे फटाके आले नाहीत.

कागद मुंबईहून यायचा. विल्होळीच्या जकात नाक्यावर ट्रक अडकला की इकडे मशीन थंड. माल विकला जावो न जावो, शहरात शिरतानाच जकात मोजायची. त्यामुळे अण्णा रिमं अगदी मोजून मागवत. जादा साठा म्हणजे भरलेली जकात गोडाऊनमध्ये पडून, असं त्यांचं गणित.

1 एप्रिल 2005 ला व्हॅट आला. तळाच्या मजकुरात आता 2002 च्या मूल्यवर्धित कर कायद्याचं नाव. पाठोपाठ टिन, म्हणजे व्यापाऱ्याचा कर नोंदणी क्रमांक आला, 27 ने सुरू होणारा अकरा आकडी, शेवटी व्ही. एका बदलात बहुतेकांना दोनदा बुकं छापून घ्यावी लागली. त्या पैशांत आम्ही मिनी ऑफसेट घेतली. गॅलीतला तो बांधलेला गठ्ठा शिशाच्या भावाने भंगारात गेला. अण्णा त्या दिवशी दुकानात आले नाहीत.

2010 च्या एप्रिलमध्ये राज्याने व्हॅटचा 4 टक्क्यांचा दर 5 केला. ज्यांनी बिलावर 4 छापून घेतले होते त्यांनी पेनाने खोडून काम भागवलं. आपलं नाशिक काटकसरीचं. सरकारी सूट मात्र इथेच दगडात कोरलेली आहे. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा गोवर्धनच्या अमात्याला हुकूम आहे: भिक्षूंना दिलेल्या 200 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेतात सरकारी माणसांनी शिरू नये, त्याला हात लावू नये, मिठासाठी खणू नये. मीठ खणणं हा राजाचा हक्क, म्हणून तीही सवलत. गोवर्धन म्हणजे गंगापूरकडे जाताना लागतं तेच गाव. ते अक्षर अजून वाचता येतं, आमची 4 टक्केवाली बुकं केव्हाच रद्दीत गेली.

2013 च्या मेमध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. नाके ओस पडले, पण कर आता वह्या बघून भरायचा म्हणून व्यापारी भडकले. आम्ही बिलांवर एलबीटी क्रमांकाची एक ओळ वाढवली. ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतल्या उलाढालीला माफी मिळाली आणि ती ओळ काढली. इतक्या कमी आयुष्याची ओळ आम्ही दुसरी छापलेली नाही.

मग 2017 चा जीएसटी. 1 जुलैच्या आधीचे पंधरा दिवस आम्ही दुकानातच झोपलो. मालाचं बिल आता तीन प्रतींत: एक घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक आपली. कंपोझिशनवाल्याचं (ठोक दराने कर भरणाऱ्या लहान व्यापाऱ्याचं) शीर्षक 'बिल ऑफ सप्लाय', वर कर आकारता येणार नाही ही ओळ. आणि पंधरा अक्षरी जीएसटी नंबर: 27, मग पॅनची दहा, मग एक आकडा, मग झेड, शेवटी तपासणीचं अक्षर.

त्या झेडने मला धडा शिकवला. सातपूरच्या एका कारखानदाराने नंबर हाताने लिहून दिला होता. त्याचा झेड मला 2 वाटला आणि मी 2 छापला, तीन प्रतींची 20 बुकं. बिलं पुढे गेली, घेणाऱ्याला भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) मिळेना, तेव्हा कुठे कळलं. सगळी बुकं आमच्या खर्चाने पुन्हा छापली, शिवाय अर्धा तास बोलणी खाल्ली. आता प्रूफ हातात आलं की दुकानाच्या नावाआधी चौदावं अक्षर बघतो.

ऑगस्ट 2023 आम्हाला दोन्हीकडून लागला. 1 तारखेपासून 5 कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल सक्तीचं झालं, तेव्हा सातपूर-अंबडच्या कारखान्यांची उरलीसुरली बिलबुकं संपली. 19 तारखेला कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसलं. लासलगाव, पिंपळगावचे व्यापारी लिलावानंतर शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबपट्ट्या आमच्याकडून छापून घेतात. लिलावच बंद पडल्यावर पट्टी फाडणार कोण? छापून तयार असलेले गठ्ठे कित्येक दिवस दाराशी पडून होते. शुल्क 2024 च्या सप्टेंबरात 20 वर आलं आणि 1 एप्रिल 2025 ला गेलं, पण व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी अजून लहानच आहेत. दिल्लीत शुल्क बसलं की आमच्या नंबरिंग मशीनवर धूळ बसते, हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आज सर्वात भरवशाचं काम कुठलं म्हणाल तर 'एस्टिमेट' बुकं. वर दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही, फक्त माल, नग, रक्कम. कशाला लागतात ते त्यांनाही ठाऊक, मलाही. नाही म्हणायची अण्णांची ताकद माझ्यात नाही. दोन कामगारांचे पगार आहेत. गिऱ्हाईक सांगतं, नंबर टाकू नका. मी टाकत नाही. रजिस्टरात मात्र लिहितो: एस्टिमेट, 20 बुकं, नंबर नाही.