पहाटेच्या सायकलफेरीआधी पेजच बरी

आपला कोकणातला सागरी रस्ता खाडीला उतरतो आणि लगेच पुढच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढतो. आरे-वारेचे चढ घ्या, नाहीतर हर्णैहून दापोलीला जाणारा रस्ता. चढावर रक्त मांड्यांकडे जास्त वळतं आणि पोटाच्या वाट्याला कमी येतं. त्यामुळे सपाट रस्त्यावर खपून जाणारी न्याहारी इथे घशाशी येते.

अगदी उपाशी निघणंही बरोबर नाही. रात्रीच्या झोपेत स्नायूंमधला साखरेचा साठा जवळपास तसाच राहतो, पण यकृतातला बराच संपतो, आणि रक्तातली साखर टिकवायचं काम यकृताचं. नुसत्या चहावर निघालेल्या माणसाचे तास-दीड तासाने हात थरथरतात आणि डोकं हलकं होतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. तासाभराची आरामात फेरी असेल तर पाणी आणि एखादं केळं पुरतं. दोन तास किंवा जास्त जायचं असेल तर मात्र नीट खाऊन निघा.

हिशोब सोपा आहे. निघायच्या तासभर आधी वजनाच्या दर किलोला साधारण १ ग्रॅम कर्बोदके, दोन तास आधी उठत असाल तर २ ग्रॅमपर्यंत. म्हणजे ६० किलोच्या माणसाने साडेपाचला निघायचं तर साडेचारला ६० ग्रॅम. यासाठी उकड्या तांदळाच्या पेजेइतकं सोयीचं दुसरं काही नाही. ५० ग्रॅम तांदळात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके मिळतात, उरलेले २० ग्रॅम दोन लहान वेलची केळ्यांतून किंवा लिंबाएवढ्या गुळातून येतात. शिवाय पाणीही पोटात जातं.

तांदूळ धुऊन आठपट पाण्यात शितं फुटेपर्यंत शिजवा. उकडा शिजायला वेळ घेतो, म्हणून पेज रात्रीच करून ठेवावी लागते, आणि चूक होते ती इथेच. आपल्या दमट उकाड्यात ती रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजलेल्या भातात वाढणारे काही जंतू असं विष सोडतात की सकाळी पेज उकळली तरी ते जात नाही. गार झाली की फ्रीजमध्ये ठेवा, पहाटे गरम पाणी घालून उकळा. फ्रीज नसेल तर पहाटे सुरय, म्हणजे न उकडलेल्या तांदळाची करा, ती लवकर शिजते. वर पाव चमचा मीठ घाला. सोबत लोणच्याची फोड चालेल, पण खोबरं, तूप, शेंगदाणे नकोत. स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात.

याच कारणाने भरपूर खोबरं घातलेले कांदेपोहे, घावणे-चटणी आणि उसळ परत आल्यावरच. कडधान्यांनी चढावर वाकून बसल्यावर पोट फुगतं. नाचणीची आंबील चांगली, पण सवय नसेल तर तिच्यातला चोथा त्रास देतो. सोलकढीत नारळाचं दूध असतं, तीही नंतरच.

गोड खाण्याची वेळ सांभाळा. निघायच्या अर्ध्या-पाऊण तास आधी नुसता गूळ किंवा सरबत घेतलं, तर काहींची साखर आधी चढून सुरुवातीलाच खाली येते. तेच निघताना किंवा सायकलवर बसल्यावर घेतलं तर सहसा असं होत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहाटेच्या खाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

पाणी उठल्याबरोबर ४०० मिली प्या, पण एका दमात नको. आपल्याकडची हवा दमट, घाम नुसता गळतो, वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि घाम आणखी येतो. नुसत्या पाण्याने तो भरून निघत नाही. अर्धा लिटरच्या बाटलीत ३० ग्रॅम साखर, सपाट पाव चमचा मीठ आणि चवीपुरता कोकमाचा रस घाला. आगळ, म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस वापरलात तर वेगळं मीठ नको, ते आधीच खारट असतं. आंबटाने जळजळत असेल तर कोकम वगळा.

दुसऱ्या तासापासून दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. खिशातलं केळं चढावर चेंगरतं आणि गूळ उकाड्यात पाझरतो. बिया काढलेले चार-पाच खजूर बटर पेपरात गुंडाळून न्या. त्यांत साधारण २५ ते ३० ग्रॅम असतात, आणि एका हाताने खाता येतात.