आमची वाटचाल : सरकत्या आसनाची गादी

आमचा उद्योग मूळचा आसने शिवण्याचा. कार्यालयातील खुर्च्या, तपासणीचे पलंग आणि पुढे चाकांच्या खुर्च्यांसाठी लागणाऱ्या गाद्या अशी कामे आम्ही करत आलो होतो. यांपैकी चाकांच्या खुर्चीच्या कामाने आम्हाला सर्वांत जास्त शिकवले. ज्या माणसाला तासन्‌तास एकाच जागी बसावे लागते, त्याच्या हाडांखालच्या त्वचेवर दाब साचून राहिला तर तिथला रक्तपुरवठा मंदावतो आणि जखम होते. त्यामुळे गादीचा विचार करताना ती दिसते कशी किंवा हाताला लागते कशी यापेक्षा ती शरीराचा भार कुठे आणि किती जागेवर घेते हे आधी पाहण्याची सवय आमच्या कारागिरांना लागली. ही सवय नसती, तर रोइंग मशीनच्या, म्हणजे नाव वल्हवल्यासारखा व्यायाम करण्याच्या यंत्राच्या, सीटकडे आम्ही नव्याने कापड चढवायची एक फळी एवढ्याच दृष्टीने पाहिले असते.

हे काम आमच्याकडे एका व्यायामशाळेच्या मागणीतून आले. त्यांच्या रोइंग मशीनवर पंधरा-वीस मिनिटांनंतर अनेकांचे बूड दुखायला लागे, काहींच्या पायांना मुंग्या येत, आणि माणसे व्यायामाने दमण्याआधीच सीटला कंटाळून उठत. मागणी साधी होती : एक मऊ गादी शिवून द्या. मात्र त्या सीटचे काम जवळून पाहिल्यावर ती आमच्या आजवरच्या आसनांपेक्षा मुळातच निराळी असल्याचे लक्षात आले. खुर्चीवरचा माणूस स्थिर असतो; इथे सीट आणि माणूस दोघेही एका रुळावरून पुढे-मागे जात असतात. हँडल ओढत मागे जाऊन पुन्हा पुढे येणे म्हणजे एक स्ट्रोक; मिनिटाला चोवीस स्ट्रोक अशा मध्यम गतीने अर्धा तास व्यायाम केला तर ७२० स्ट्रोक होतात, म्हणजे सीट १,४४० वेळा रुळावरून जाते. प्रत्येक खेपेला ती ६० सेंटिमीटर सरकते असे धरले, तरी त्या अर्ध्या तासात तिचा प्रवास साडेआठशे मीटरांच्या पुढे जातो. एवढा वेळ अंगाखाली सतत हलणाऱ्या वस्तूला नुसता मऊपणा पुरणार नाही, हे आम्हाला तेव्हाच दिसले आणि पुढचे सगळे काम त्याच धाग्याने गेले.

बसल्यावर आपला भार मुख्यतः ओटीपोटाच्या हाडाच्या तळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवर येतो. त्यांना आम्ही बोलताना बैठकीची हाडे म्हणतो. बहुतेक प्रौढ माणसांत त्यांच्यातील अंतर साधारण १०० ते १४० मिलिमीटर भरते आणि सरासरीने ते स्त्रियांमध्ये थोडे अधिक असते. स्ट्रोकच्या सुरुवातीला गुडघे दुमडलेले आणि धड कमरेतून पुढे झुकलेले असते, तेव्हा ओटीपोट पुढे कलते आणि भार या हाडांच्या पुढच्या कडेवर जातो. पाय सरळ होऊन हँडल पोटाशी आले की धड किंचित मागे झुकते आणि तोच भार मागे सरकतो. ज्यांच्या मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात त्यांचे ओटीपोट पुढे कलतच नाही. ते कंबर गोल करून बसतात, आणि मग माकडहाडावर भार येऊ लागतो. सायटिक नस नितंबाच्या स्नायूंखालून, बैठकीच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाने मांडीत उतरते. सीटचा उंचवटा किंवा कडक कड त्या बाजूला टोचत राहिली की पायाला मुंग्या येतात, पाय बधिर होतो. म्हणजे ग्राहक ज्याला एका शब्दात 'सीट टोचते' म्हणतो, त्यामागे निदान तीन वेगळी कारणे असू शकतात आणि तिन्हींवर एकच इलाज चालत नाही.

फोमच्या निवडीत आमचा सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. हाताने दाबून पाहिल्यावर जो फोम सर्वांना आवडतो, तो या सीटवर बहुधा टिकत नाही. अगदी मऊ फोम भाराखाली पूर्ण दबतो आणि हाड पुन्हा खालच्या कडक फळीवर टेकते. गादीची जाडी तेवढी वाढलेली असते, उपयोग मात्र काहीच होत नाही. मेमरी फोमबद्दल विचारणा फार होते. त्याचा स्वभाव असा की शरीराच्या उष्णतेने तो आणखी मऊ पडतो आणि दाब काढल्यावर सावकाश वर येतो. स्थिर बसणाऱ्याला ते सुखाचे वाटते, पण इथे भाराची जागा दर दोन-तीन सेकंदांनी बदलते आणि फोमला परत उभे राहायला तेवढा वेळच मिळत नाही. फोम निवडताना आम्ही त्याच्या २५ टक्के दाबल्यावरच्या विरोधाची ६५ टक्के दाबल्यावरच्या विरोधाशी तुलना करतो. ६५ टक्क्यांवरचा विरोध २५ टक्क्यांवरच्या विरोधाच्या जितका जास्त पट, तितका फोम वरून नरम आणि आतून आधार देणारा असतो. या कसोटीवर उतरलेला फोम घेऊनही एकाच थराने आमचे समाधान होत नव्हते. म्हणून तळाला बंद छिद्रांच्या ईव्हीए (रबरासारखे लवचीक प्लास्टिक) फोमचा घट्ट थर आणि त्यावर लवचीक पॉलियुरेथेन फोमचा पातळ थर अशी दुहेरी रचना आम्ही ठरवली. ईव्हीए घाम शोषत नाही, तर वरचा थर हाडांच्या भोवती थोडा वळून भार घेणारे क्षेत्रफळ वाढवतो. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ, हे शाळेतले सूत्र आमच्या कार्यशाळेत रोजच्या रोज वापरले जाते.

आकाराचे काम याहून नाजूक होते. मागच्या बाजूला मध्यभागी खाच ठेवली की माकडहाड अधांतरी राहते, हे सोपे. पण ती खाच किती रुंद करावी यावर मतभेद झाले, कारण रुंद खाचेमुळे आधाराची जागा कमी होते आणि उरलेल्या जागेवर दाब वाढतो. पन्हळीच्या पुठ्ठ्यावर माणसाला बसवून हाडांचे ठसे घेण्याची पद्धत सायकलच्या सीटसाठी वापरतात. आम्ही तीच इथे आणली, फक्त ठसे दोन घेतले, एक पुढे झुकून आणि एक मागे झुकून. दोन्ही ठसे एकमेकांवर ठेवले की भार कुठून कुठे फिरतो ते कोणत्याही यंत्राविना दिसते. त्यावरून आम्ही अरुंद आणि रुंद अशा दोन मापांच्या गाद्या केल्या. पुढची कड उतरती ठेवली, कारण गुडघे दुमडताना ती मांडीच्या खालच्या बाजूला घासते. हाडांखाली किंवा मांडीच्या आतल्या बाजूला एकही शिवण येणार नाही असे कापडाचे तुकडे बेतले. सगळ्या शिवणी खालच्या कडेला गेल्या. शेकडो वेळा घासणाऱ्या जागी दोऱ्याची बारीक गाठसुद्धा कातडी सोलवटून काढते.

घासण्याचा विषय निघालाच आहे, तर या सीटच्या इतिहासाकडे थोडे वळावेसे वाटते. सरकते आसन येण्यापूर्वी नौकेतील फळी स्थिर असे, आणि वल्हे मारणारे चामड्याच्या विजारीला चरबी लावून त्या फळीवर स्वतःच पुढे-मागे घसरत, म्हणजे पायांची ताकद वापरता येई. अमेरिकेत जे. सी. बॅबकॉक यांनी १८५७ मध्ये सरकत्या आसनाचा प्रयोग केला आणि १८७३ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीत दोन्ही संघ सरकत्या आसनांवर बसले. चाके आली आणि शरीर व फळी यांच्यातील घर्षणाचा त्रास पुष्कळ कमी झाला. गादी चुकीची निवडली तर तो त्रास आपण पुन्हा ओढवून घेतो, म्हणून ही माहिती आमच्या प्रत्येक नव्या कारागिराला मी आवर्जून सांगतो.

येथून पुढे आराम आणि सुरक्षितता हे दोन विषय आम्हाला वेगळे ठेवता आले नाहीत. स्ट्रोक जोरात मारताना शरीर हँडल आणि पायपाटी यांच्यामध्ये जणू टांगले जाते आणि सीटवरचा भार क्षणभर हलका होतो. सीटला मागे ओढून नेणारे बळ म्हणजे शरीर आणि सीट यांच्यातील घर्षण, आणि ते नेमके याच क्षणी कमी झालेले असते. गादी सीटवर नुसती ठेवलेली असेल तर ती अशा वेळी अंगाबरोबर मागे जाते, सीट पुढे राहते आणि माणूस रुळावर आदळू शकतो. म्हणून गादीच्या तळाला सिलिकॉनचे ठिपके असलेले घट्ट धरणारे कापड आम्ही लावले, आणि वरचे कापड मात्र मध्यम घर्षणाचे निवडले. वरचे कापड फार गुळगुळीत असले तर बूड पुढे-मागे घसरते, आणि फार चिकट असले तर कातडी जागच्या जागी ओढली जाते. एवढ्यावर न थांबता गादी सीटला बांधलेलीच असावी असा आमचा आग्रह आहे. बांधण्याचे पट्टे हा स्वतंत्र धोका आहे. खाली लोंबणारे टोक सीटच्या चाकात गुंतले तर सीट झटक्याने अडकते. आमच्या गादीचे पट्टे त्यामुळे सीटच्या कडेलाच वळतात, त्यांची टोके वेल्क्रोखाली पूर्ण झाकली जातात आणि रुळाच्या दिशेला काहीही सुटे राहत नाही. सीटचा तळ एवढा अरुंद असेल की पट्टा चाकांपासून दूर ठेवता येणार नाही, तर त्या मशीनसाठी गादी विकायची नाही असा आमचा नियम आहे.

जाडीबाबतही आम्ही ठाम राहिलो. गादी एका मर्यादेपलीकडे जाड केली की माणूस पायपाटीच्या तुलनेत उंच बसतो, हँडलची साखळी समांतर राहत नाही आणि बसणारा डावी-उजवीकडे डुलू लागतो. हे डुलणे थेट चाकांवर जाते आणि चाके एका बाजूने झिजतात. अधिक जाड गादीची मागणी नेहमी होते, तरी दाबली गेल्यावर साधारण १५ मिलिमीटर उरेल याहून जाड गादी आम्ही करत नाही.

गाद्यांची दुरुस्ती करता करता आम्ही सीटच्या खालच्या, चाके बसवलेल्या गाड्याकडे आलो, आणि आता तो आमच्या कामाचा मोठा भाग झाला आहे. ग्राहक सीट खडबडते म्हणून नवी गादी मागतो आणि उलटून पाहिले तर बेअरिंग झिजलेले असते किंवा चाकाच्या पॉलियुरेथेनला सपाट डाग पडलेला असतो. रुळावर घाम आणि धूळ मिळून काळा थर बसतो. तो प्रत्येक वापरानंतर कोरड्या किंवा किंचित ओलसर फडक्याने पुसला तर चाके कितीतरी जास्त टिकतात. रुळावर तेल मात्र घालू नये, कारण ते धूळ धरून ठेवते. वरच्या चाकांइतकीच खालची चाकेही महत्त्वाची असतात. भार हलका होतो त्या क्षणी सीट रुळावरून उचलली जाऊ नये हे त्यांचे काम असते, आणि ती सैल झालेली लोकांच्या लक्षातही येत नाहीत. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक गाड्याचे साधे नट काढून आम्ही नायलॉनची कडी असलेले, कंपनाने न सुटणारे नट बसवतो. रुळाच्या दोन्ही टोकांचे रबरी अडथळे तपासल्याशिवाय सीट परत देत नाही. व्यायामाच्या यंत्रांसाठीच्या आयएसओ २०९५७ या आंतरराष्ट्रीय मानक मालिकेचा सातवा भाग खास रोइंग मशीनसाठी आहे आणि तिच्या पहिल्या भागात धारदार कडा, बोटे चिरडण्याच्या जागा यांबद्दलच्या सामान्य अटी आहेत. आमच्यासारख्या लहान उद्योगाने हे वाचलेच पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. सीटच्या तळाभोवती आम्ही जे आच्छादन बसवू लागलो त्याची कल्पना तिथूनच आली. मशीनजवळ रांगणारे मूल असेल तर फिरत्या चाकाची आणि रुळाची फट ही त्या घरातील सर्वांत वाईट जागा ठरू शकते.

गादी मागणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आता आधी काही प्रश्न विचारतो. दुखते ते नेमके कुठे, किती वेळाने, आणि उठल्यावर किती वेळात थांबते? माकडहाड दुखत असेल तर पायपाटी एक-दोन खाचा खाली घेऊन पाहा असे सांगतो. पाय थोडे खाली गेले की ओटीपोट पुढे कलायला जागा मिळते आणि पुष्कळांचे दुखणे तेवढ्यानेच कमी होते. अशांना गादी घेण्याची गरज उरत नाही आणि आम्ही तसे त्यांना सांगतो. बधिरपणा येत असेल तर वीस मिनिटांनी उठून चालावे, आणि उतरल्यानंतरही तो टिकत असेल किंवा पायातली ताकद कमी वाटत असेल तर गादीचा विचार सोडून आधी डॉक्टरांना दाखवावे. बाकीच्यांना आम्ही पुठ्ठा पाठवतो, दोन्ही ठसे मागवतो आणि मशीनच्या सीटचा तळ दिसेल असे छायाचित्र घेतो. सध्या आमच्या मेजावर तिसऱ्या, आणखी रुंद मापाचा साचा आहे. त्यात खाचेची लांबी वाढवली तर मागच्या कडेचा आधार किती कमी होतो हे पाहणे चालू आहे, आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय ते माप विक्रीला येणार नाही.