बोडीला ‘धरण’ लिहिलं आणि वर्ष गेलं

आमच्या शेतातली बोडी आजोबांच्याही आधीची. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, उताराच्या तळाशी मातीची पाळ घालून अडवलेलं पाणी म्हणजे बोडी. पावसानं दगा दिला की धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, तिच्यावरच तरतात. आमची पाळ 90 मीटर लांब आणि मधोमध साडेतीन मीटर उंच. तीन पावसाळ्यांमागे सांडव्याजवळ, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेजवळ, तिला भगदाड पडलं. ती नीट करायची, तीन खोल्या बांधायच्या आणि पाण्यात एक पायडलची नाव ठेवायची, म्हणजे नागझिरा-नवेगावबांधच्या जंगलांकडे जाणारे पाहुणे दोन दिवस आपल्याकडे थांबतील, असं मी आणि बायकोनं ठरवलं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलेलंच होतं.

ग्रामसभेचा ठराव, मोजणी, बँकेचे कागद हे दीड महिन्यात झालं.

अडलो ते एका कार्यालयात. अर्जाच्या विषयात मी लिहिलं होतं, ‘खाजगी मातीच्या धरणाची दुरुस्ती व जलाशयात नौकाविहार’. टेबलावरच्या बाबूंनी तेवढंच वाचलं.

“धरण आहे न जी? मग धरण सुरक्षेचं प्रमाणपत्र लागते.”

“साहेब, बोडी आहे जी ती. सातबाऱ्यावर बोडीच लिहून आहे.”

“अर्जात तं तुम्हीच धरण लिहिलं.”

जानेवारीतली ही गोष्ट. ते प्रमाणपत्र कोण देतं हे त्या कार्यालयात कोणालाच सांगता येत नव्हतं. मी नवा अर्ज देतो म्हणालो, तर जुना निकाली निघाल्याशिवाय नवा घेता येत नाही. जुना निकाली का निघत नाही, तर प्रमाणपत्र नाही. दर पंधरा दिवसांनी एसटीनं जायचं, बाकावर बसायचं, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ ऐकून परत यायचं. एप्रिलमध्ये साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना फाइल पहिल्यापासून समजावून सांगितली. मे गेला. मातीकाम पावसाआधीच उरकावं लागतं, ओल्या चिखलावर रोलर चालत नाही, हे मी तिथे किती वेळा सांगितलं असेल!

जुलैमध्ये तीन दिवस झड लागली. भगदाडात रेतीची पोती रचलेली होती, तेवढ्यावर भरवसा कसा ठेवायचा? रात्री दोनला टॉर्च घेऊन मी आणि धाकटा भाऊ गेलो आणि सांडव्याचा काठ फावड्यानं दीड फूट खाली उतरवला, पाणी चढूच नये म्हणून. खाली शेजाऱ्याच्या बांध्या होत्या, नुकतं रोवणं झालेलं. पाळ गेली असती तर त्याचं सगळं पीक गाळाखाली गेलं असतं. सुरक्षेच्या कागदासाठी पाळ उघडी ठेवायला लावली होती, याचा राग अजून गेलेला नाही.

त्यानंतर मी कायदाच वाचायला घेतला. धरण सुरक्षा कायदा 2021 चा आहे. तो लागू होतो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना. उंची 10 ते 15 मीटर असेल तर वेगळ्या अटी आहेत, जसं माथ्याची लांबी निदान 500 मीटर किंवा साठा निदान 10 लाख घनमीटर. आमची पाळ पायाच्या चरासकट मोजली तरी पाच मीटर भरत नाही! मग माहिती अधिकारात एकच प्रश्न टाकला: साडेतीन मीटरच्या पाळीला हे प्रमाणपत्र कोणत्या कलमानुसार मागितलं? उत्तर 28 व्या दिवशी आलं. कलम दिलेलं नव्हतं, पण ‘पूर्वीची मागणी मागे घेण्यात येत आहे’ असं होतं. बायकोनं ते पत्र देवघरात ठेवलं.

आता नवा मुद्दा निघाला, पाणी येतं तो नाला सरकारी आहे का. हा प्रश्न मात्र रास्त होता. जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे कोणाच्या मालकीचे नसलेले नाले सरकारचेच. जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातून गावचा वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक, म्हणजे गावातल्या जमिनी-पाण्यावरचे वहिवाटीचे हक्क लिहिलेले जुने कागद, यांच्या नकला काढल्या. आमच्या गट नंबरपुढे ‘बोडी, खाजगी’ अशी नोंद निघाली. या नकला पहिल्याच दिवशी जोडा. मी त्या दहाव्या महिन्यात जोडल्या. मग अभियंता आले, पाळ मोजली, अर्ध्या तासात अहवाल लिहिला. नोव्हेंबरमध्ये परवानगी हातात पडली.

काम फेब्रुवारी ते एप्रिल चाललं. मधल्या गाभ्यात काळी चिकण माती, दोन्ही अंगांना मुरूम. काळी माती वर उघडी ठेवू नका, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. माती वीतभर थरानं टाकायची, पाणी शिंपडून दाबायची. जुन्या पाळीला नवी माती नुसती चिकटवू नका; आधी जुनी पाळ पायऱ्यांसारखी कापा, नाहीतर सांध्यातून पाणी वाट काढतं. बेशरमाची झुडपं, वारुळं, घुशींची बिळं मुळापर्यंत खोदून काढा. पाण्याच्या अंगाला दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, हवंच.

पाहुण्यांना सावली लागते म्हणून पाळीवर झाडं लावायचा सल्ला बरेच जण देतात. झाड मेलं की कुजलेल्या मुळाची नळी होते आणि पाणी तिथूनच शिरतं. आम्ही झाडं पाळीच्या पायथ्यापासून लांब लावली. आणि अर्जाचं सांगायचं राहिलं: सातबाऱ्यावर जो शब्द आहे तोच लिहा. बोडी असेल तर बोडी.

लाइफ जॅकेट घातल्याशिवाय नावेत कोणालाही बसू देत नाही, गावच्या सरपंचांनाही नाही. पोहायला बंदी आहे. सांडव्यापासून 20 मीटरवर दोर बांधलाय, नाव त्याच्या पुढे जात नाही.

या ऑगस्टमध्ये बोडी पहिल्यांदा सांडव्यापर्यंत भरली. पाळीच्या पायथ्याशी एका ठिकाणी ओल झिरपते. मी रोज सकाळी ते पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरतो. गढूळ दिसलं, तर आतून माती वाहतेय असं समजून त्याच दिवशी पाणी उतरवायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. आजपर्यंत ते नितळ आहे.