अख्खं वांगं

मे महिन्यात आर्वीकडच्या आमच्या गावाहून नागपूरला बकरीची गर्भपिशवी न्यायची, म्हणजे एसटीत मांडीवर फॉर्मालीनची बरणी. फॉर्मालीन म्हणजे मांस कुजू नये म्हणून वापरायचं द्रावण. कंडक्टरनं विचारलं, "लोणचं हाय का?" मी मान डोलावली. झाकण घट्ट होतं म्हणून निभावलं.

काम सांगायला सोपं. इस्ट्रोजेन या मादीच्या संप्रेरकाचे रिसेप्टर, म्हणजे त्याला धरून घेणारी प्रथिनं, गर्भपिशवीच्या कोणत्या पेशींत आहेत ते बघायचं. मेणात बसवलेल्या तुकड्याचे पाच मायक्रॉनचे काप काढायचे, सायट्रेट बफरमध्ये तापवायचे, मग रिसेप्टरलाच धरणारी अँटिबॉडी, तिच्यावर पेरॉक्सिडेज हे एन्झाइम आणि शेवटी त्या एन्झाइममुळं तपकिरी होणारं रसायन, डॅब. रिसेप्टर असेल तिथं पेशीचं केंद्रक तपकिरी, नसेल तिथं हिमॅटॉक्सिलिन या केंद्रक रंगवणाऱ्या रंगाचं निळं.

माझ्या पहिल्या स्लाइडवर बाहेरचा स्नायूचा थर मस्त तपकिरी, आतलं अस्तर आणि ग्रंथी मात्र फिक्या. वहीत लिहूनही टाकलं, ‘रिसेप्टर फक्त स्नायूत’. खरं तर बकरी माजावरची, अंडाशयावर टपोरं फॉलिकल, म्हणजे बीजाची पुटिका. अशा वेळी ग्रंथींत रिसेप्टर भरपूर असतात हे मला पाठ होतं. पण नवीन काही सापडल्याची हौस वाईट.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ग्रंथींची केंद्रकं निळी तरी कुठं आहेत?"

नव्हतीच. तपकिरी नाही, निळंही नाही. म्हणजे तिथं पेशीच कुजल्या होत्या, रिसेप्टरचा प्रश्नच नव्हता. पण बाहेरचं टिकलं आणि आतलंच का गेलं?

रविवारी घरी मायला सगळं सांगितलं. ती भरली वांगी करत होती. "अख्खीच टाकली होती काय तू?" अख्खीच. आतलं सांडू नये म्हणून दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधून. "मंग? वांग्याले चिरा नाही देल्या तर मसाला आत कसा जाईन वं?"

फॉर्मालीन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत सरकतं. त्यात आमच्याकडचा मे. आतल्या अस्तरापर्यंत ते पोचेस्तोवर तिथलं सगळं आटोपलं होतं.

पुढच्या बाजाराला मी खाटकाच्या दुकानामागंच बसले. गर्भशृंग, म्हणजे गर्भपिशवीची शिंगासारखी फांदी, उभं चिरलं, तीन-चार मिलिमीटरचे तुकडे केले, तुकड्यांच्या दहापट फॉर्मालीन. खाटीकदादा म्हणाले, "ताई, एवढं बारीक तर आमी खिम्याले बी नाही करत."

या वेळी ग्रंथींची केंद्रकं गडद तपकिरी आली. शेजारची, पडताळ्यासाठी रिसेप्टर धरणारी अँटिबॉडीच न घातलेली स्लाइड निव्वळ निळी. फक्त एका रक्तवाहिनीत थोडं तपकिरी. ते तांबड्या पेशींचं स्वतःचं पेरॉक्सिडेज. ते आधीच निकामी करणारी हायड्रोजन पेरॉक्साइडची पायरी मी घाईत उरकली होती, ते मॅडमना अजून सांगितलेलं नाही.