मुंढव्याला मेटल ऐकायला जाताना

मुंबईहून पुण्याला मेटलची (कर्कश गिटार आणि जोरदार ड्रमच्या रॉक संगीताची) गिग, म्हणजे छोटी मैफल, ऐकायला जायचं असेल तर डेक्कन क्वीनचा मोह टाळा. ती संध्याकाळी 5:10 ला सुटते आणि 8:25 ला पुण्याला लागते. तोवर तीनपैकी पहिला बँड आवरून टीशर्टच्या टेबलामागे जाऊन बसलेला असतो. इतक्या लवकर सुरुवात होते ती कायद्यामुळे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर स्पीकर लावता येत नाहीत. बंद सभागृहाला त्यातून सूट आहे, पण कोरेगाव पार्क-मुंढवा पट्ट्यातल्या अंगणवजा, वर नुसता पत्रा असलेल्या जागेला ती सांगता येत नाही. म्हणून दुपारची शिवनेरी बरी. पुणे स्टेशनवरून रामवाडीच्या दिशेची मेट्रो धरायची, कल्याणीनगरला उतरायचं आणि नदीवरचा पूल ओलांडायला रिक्षा करायची. शनिवारी संध्याकाळी बंडगार्डनच्या बाजूने गाडी घालणं म्हणजे अर्धा तास नुसता हॉर्न ऐकणं.

दारावर ओळखपत्र लागतंच. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला 21 वर्षं, बाकी दारूला 25. त्यामुळे जिथे बार आहे तिथे 21 च्या खालच्या पोरांना बरेचदा आतच सोडत नाहीत, मग तिकीट असो वा नसो. कॉलेजच्या पोरांनी तिकीट काढायच्या आधी जागेला फोन करून विचारावं.

लवकर पोचण्याचा खरा फायदा साउंडचेक. तो उलट्या क्रमाने होतो: शेवटी वाजवणारा बँड सगळ्यात आधी तपासणी उरकतो, सुरुवातीचा बँड सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याचं सामान स्टेजवर जसंच्या तसं राहतं. ड्रमसेट बहुधा सगळ्यांचा एकच असतो. प्रत्येक ड्रमर आपला स्नेअर (मधला खणखणीत छोटा ड्रम), झांजा आणि किकचं, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं, पेडल तेवढं घेऊन येतो. मेटलमध्ये दोन्ही पायांनी वाजवायच्या डबल पेडलचा मारा इतका असतो की किक ड्रम हळूहळू प्रेक्षकांकडे सरकत जातो, म्हणून खाली गालिचा आणि पुढे ठोकळा हवाच. नुसत्या गुळगुळीत लाद्यांवर सेट मांडलेला दिसला, की तिसऱ्या गाण्यापर्यंत कुणीतरी वाकून ड्रम मागे ढकलताना दिसणार हे धरून चाला.

आता उभं कुठे राहायचं? नवखे थेट स्टेजला चिकटतात. जुन्या पद्धतीचा बँड असेल, म्हणजे 100 वॅटचा ट्यूब अँप (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र) आणि चार बारा-इंची स्पीकरचा कॅब (स्पीकरचं खोकं), तर तिथे एका गिटारचा आवाज थेट छातीवर येतो, दुसरी गिटार मात्र अर्धीच ऐकू येते. गायक तर जवळजवळ गायबच, कारण त्याचा आवाज दोन्ही बाजूंच्या पीएमधून, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरमधून, निघून तुमच्या डोक्यावरून मागे जातो. हल्ली चित्र बदललंय. प्रवासात कॅब वाहून नेणं परवडत नाही, म्हणून बरेच बँड पाटीएवढा मॉडेलर (अँप-कॅबच्या आवाजाची नक्कल करणारं यंत्र) आणतात आणि गिटार सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडतात. अशा वेळी पहिल्या रांगेत ड्रमचा खडखडाट सोडून फारसं काही पोचत नाही. स्टेजवर कॅब दिसतोय का आणि त्याच्यासमोर माइक लावलाय का, एवढं आधी पाहून घ्या.

माझी जागा ठरलेली: साउंडवाल्याच्या एक पाऊल पुढे, दोन्ही पीएच्या मधोमध. तो जे ऐकून बटणं फिरवतो तेच तिथे ऐकू येतं. मागच्या भिंतीला टेकणं मात्र टाळा. भिंतीपाशी खालचे सूर फुगतात आणि बास नुसता घुमत राहतो. गंमत म्हणजे भिंतीपासून साधारण पावणेदोन मीटर पुढे आलं की 50 हर्ट्झच्या आसपासचा आवाज दबतो, कारण त्या लहरीची लांबी सातेक मीटर असते आणि पाव लहरीवर परत आलेली लाट मूळ लाटेला खोडते. नेमका तिथेच किकचा दणका असतो. किक पोकळ वाटली तर दोन पावलं पुढे-मागे सरकून बघा, मगच साउंडवाल्याला बोल लावा.

ग्राउल करणारे, म्हणजे घशातून गुरगुरत गाणारे, गायक माइकचा गोळा मुठीत धरतात. दिसायला झकास, पण माइकच्या मागच्या जाळीची भोकं त्यात बंद होतात. मग एका बाजूचंच ऐकणारा माइक चोहोबाजूंचं ऐकू लागतो, समोरच्या मॉनिटरचा (गायकाला स्वतःचं गाणं ऐकवणाऱ्या स्पीकरचा) आवाजही ओढून घेतो आणि शिट्टी सुरू होते. मागून कुणीतरी हमखास ओरडतं, "दादा, व्होकल वाढवा!" वाढवला की शिट्टी आणखी चढते. अशा वेळी साउंडवाला वाजणारी फ्रिक्वेन्सी कापतो, त्यात शब्दही बोथट होतात. गायकाने मूठ दोन बोटं खाली घेतली असती तर एवढा खटाटोप लागला नसता.

मधल्या भागात पिट पडतो, म्हणजे एकमेकांना धक्के देत नाचणाऱ्यांचं रिंगण. बुटाची नाडी दुहेरी गाठीची, चष्मा खिशात, पाठीवरची सॅक भिंतीपाशी ओळखीच्या माणसाकडे. कुणी पडला की आजूबाजूचे थांबून त्याला उचलतात. हा नियम कुठे लिहिलेला नाही, तरी झाडून सगळे पाळतात. हवेत कोपर फिरवणाऱ्याला मात्र सगळे मिळून बाहेर काढतात, ते योग्यच. खरा धोका सांडलेल्या बिअरचा. फरशी ओली झाली की कडेला सरका.

कानाचं गणित सोपं आहे. 85 डेसिबल आठ तास सोसतात, आणि दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 100 ला पंधरा मिनिटं. छोट्या जागेत ड्रमसेट एकटाच तिथवर जातो. कानात घालायचे फोमचे बोळे वरचे सूर जास्त खातात, त्यामुळे सगळं उशीखाली वाजल्यासारखं वाटतं. फिल्टरचे इअरप्लग सगळे सूर साधारण सारखेच कमी करतात. फोमच वापरणार असाल तर आधी नीट पिळून बारीक करा, कान वर ओढून आत सारा आणि फुगेपर्यंत दाबून ठेवा. अर्धवट खुपसलेला बोळा काहीच अडवत नाही.

टीशर्ट घ्यायचा तर दोन बँडच्या मधल्या वेळेत घ्या. सामान बदलायला पंधरा-वीस मिनिटं जातात. शेवटी टेबलावर झुंबड उडते, मोठे साइज संपलेले असतात, आणि गर्दीत नेटवर्क बसलं की यूपीआयचं चक्र फिरतच राहतं. पाचशेच्या दोन नोटा जवळ असू द्या. तिकिटाच्या पैशातून प्रवासखर्च जेमतेम सुटतो, बँडच्या हाती उरतं ते या टेबलावरचं.

दहाला आवाज बंद झाल्यावर कल्याणीनगरहून परतीची मेट्रो मिळू शकते, पण शेवटच्या गाडीची वेळ दुपारी येतानाच स्टेशनवर बघून ठेवा. मुंबईकरांनी रात्री स्टेशनजवळ मुक्काम केला तर सकाळी 7:15 ची डेक्कन क्वीन आहे, आणि परतीला ती अगदी सोयीची.